नाटक विभागाचं, हंगाम कुणाचा?

आग्रही : सर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने येत्या वर्षाचा हंगाम जुलैतच जाहीर करावा, असं माझं म्हणणं आहे. चार नाटकं, प्रत्येकाचे निदान पाच प्रयोग, तारखा आधीच छापलेल्या आणि तिकीट पन्नास रुपयांचं का होईना, पण तिकीट. नाटक शिकवणाऱ्या विभागांमध्ये सहसा काय होतं? मुलं दोन-दोन महिने तालीम करतात, लेव्हल्स उचलतात, दिवे टांगतात, घराघरांतून लुगडी-धोतरं गोळा करतात. परीक्षेच्या दिवशी समोर बसतात परीक्षक, शिक्षक आणि वसतिगृहातले मित्र. रात्री सेट उतरतो. जो नट त्या संध्याकाळी भूमिकेच्या कुठे जवळ पोचला होता, त्याला पुन्हा तिथे जायची संधीच मिळत नाही. पहिला प्रयोग धास्तीवर निघतो. दुसरा बहुतेक वेळा पडतो, कारण धास्ती गेलेली असते आणि तिच्या जागी दुसरं काही आलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्याला नट समोरच्याचं वाक्य खरोखर ऐकायला लागतो. नाटक बसलं असं आपण म्हणतो, ते तेव्हा. वर्गात हे शिकवता येत नाही. त्याला समोर अनोळखी माणसं लागतात, आपल्या मित्राचं काम आहे म्हणून टाळ्या न वाजवणारी.

साशंक : दुसऱ्या प्रयोगाबद्दल तू म्हणतेस ते मला मान्य आहे, मी स्वतः अनेकदा पाहिलंय. पण तिकीट लावलंस की काय बदलतं तेही बघ. विभाग ही शिकण्याची जागा आहे. तिथे मुलाला चुकीची भूमिका मिळाली पाहिजे, दिग्दर्शन शिकणाऱ्या मुलीला फसणारी कल्पना शेवटपर्यंत रेटून बघता आली पाहिजे. ज्याने पन्नास रुपये दिले त्याला फसलेली कल्पना बघायची नसते, आणि त्याचं चुकत नाही. मग तुम्ही सावध होणार. युवक महोत्सवात बक्षिसं घेऊन आलेली, आधीच तयार असलेली तीन-चार मुलं चारही नाटकांत पुढे दिसणार. भूम-परंड्याकडून आलेली, जिने याआधी नाट्यगृह आतून पाहिलेलंच नाही अशी मुलगी वर्षभर कपड्यांना इस्त्री करणार. तिने फी भरलीय ती नायिकेच्या साडीला पिना लावण्यासाठी नाही. परीक्षेचा प्रयोग एकच होतो हे वाईट आहे, पण त्या एका प्रयोगात तिला भूमिका द्यावीच लागते.

आग्रही : पाच प्रयोग असतील तरच तिला जास्त मिळेल, सर. एका भूमिकेला दोन मुली बसवायच्या, एक आज, एक उद्या. ज्या दिवशी ती रंगमंचावर नाही त्या दिवशी तिने प्रेक्षागृहात बसून आपलीच भूमिका दुसरीच्या अंगावर बघायची. यासारखं शिक्षण नाही. आणि सावधपणाचं म्हणाल, तर या शहरात विद्यार्थ्यांनी केलेलं सगळ्यात मोठं नाटक सावधपणे झालेलं नव्हतं. १९५५ साली नागसेनवनात, मिलिंद महाविद्यालयात, प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं 'युगयात्रा' झालं, ते बाबासाहेबांच्या समोर. पुराणकाळापासून आजपर्यंतचा अस्पृश्यतेचा प्रवास एका नाटकात मांडायचा, तोही कॉलेजच्या मुलांनी, ज्यांतली कितीतरी घरातली पहिली शिकणारी होती. पुढच्या वर्षी नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे बरेच जण सुरुवात तिथून करतात. नागसेनवन विद्यापीठाच्या वाटेवरच आहे. त्या मुलांना प्रेक्षक समोर असल्यामुळे बळ आलं होतं, ती आखडली नव्हती.

साशंक : 'युगयात्रा'ला प्रेक्षक तिकीट खिडकीवरून आलेले नव्हते. ते एका चळवळीतून आले होते. लोकांना ते नाटक हवं होतं, मुलांना ते सांगायचं होतं, आणि या दोन गरजा एकाच वेळी जागी होत्या. तू तारखा छापून ती परिस्थिती तयार करू शकत नाहीस. आजचं शहर बघ. मुंबईहून मालिकेतल्या ओळखीच्या चेहऱ्यांचं नाटक आलं की निराला बाजारात तापडिया नाट्यमंदिराबाहेर गाड्या लावायला जागा मिळत नाही. तोच माणूस संध्याकाळी सात वाजता विद्यापीठाच्या टेकडीकडे अनोळखी मुलांचं नाटक बघायला येईल? उस्मानपुऱ्यातलं संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी काही वर्षं बंद राहिलं, त्या काळात एका पिढीची नाटकाला जायची सवयच मोडली. सवय मोडायला वेळ लागत नाही. लावायला दहा वर्षं लागतात, आणि तुझ्या हातात मुलं दोनच वर्षं असतात. तिसऱ्या वर्षी दुसरी मुलं, दुसरे दिग्दर्शक, दुसरी आवड. शिकवणाऱ्यांतली कितीतरी माणसं तासिका तत्त्वावर, पुढच्या जूनला ती असतील की नाही हे त्यांनाच माहीत नसतं. प्रेक्षकाला दहा वर्षांचा शब्द द्यायला कोण उभं राहणार?

आग्रही : विभाग उभा राहील. माणसं बदलतात म्हणूनच विभाग असतो ना? सत्तरच्या दशकात राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेल्या कमलाकर सोनटक्के यांनी इथे हा विभाग उभा केला, तेव्हा मराठवाड्यात नाटकाचं पद्धतशीर शिक्षण म्हणजे काय हे सांगण्यापासून सुरुवात होती. रुस्तुम अचलखांब यांनी तमाशा आणि जलसा वर्गात आणला. त्यांचं 'तमाशा लोकरंगभूमी' वाचलं की कळतं, गावकुसाबाहेरच्या कलेला अभ्यासक्रमात जागा मिळवणं ही किती मोठी गोष्ट होती. या माणसांनी आपापल्या काळात काही वेगळं केलं आणि ते पुढच्यांना पुरलं. सवय लागायला दहा वर्षं लागतात हे मान्य, म्हणून तर यंदा सुरू करायचं.

शिवाय प्रेक्षकाने टेकडीकडे यावं असं मी म्हणतच नाही. पाचांतले दोन प्रयोग शहरात, दोन बाहेर : पैठण, कन्नड, सिल्लोड, घनसावंगी. घनसावंगी तालुक्यातलं जांबसमर्थ घ्या. राजकुमार तांगडे यांनी गावातल्या माणसांना घेऊन विजेच्या आकड्यावर 'आकडा' नावाचं नाटक केलं. पुढे २०१२ मध्ये त्यांनीच लिहिलेलं, संभाजी भगत यांच्या संकल्पनेतलं आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं, आणि जालना जिल्ह्यातली शेतकरी मुलं मुंबई-पुण्याच्या रंगमंचावर उभी राहिली. लोक रांगा लावून आले. ते चेहरे कुठल्या मालिकेतले होते? मराठवाड्यात प्रेक्षक नाही ही गोष्ट मला पटत नाही. त्याच्यापर्यंत नाटक घेऊन जाणारा टेम्पो नाही.

साशंक : जांबसमर्थचं उदाहरण तू माझ्या बाजूने दिलंस. ते नाटक कुठल्या विभागाने केलं नाही, कुठल्या हंगामात बसवलं नाही. तांगडे यांनी आपल्या गावातल्या चिडीतून, आपल्या भाषेत ते उभं केलं, आणि त्याला पोचायला जितका वेळ लागला तितका घेतला. विभागाने जुलैत जाहीर करायचं आणि सप्टेंबरच्या वीस तारखेला पडदा उघडायचा म्हटलं की अशी नाटकं होत नाहीत, नीटनेटकी नाटकं होतात. नव्या संहितेला तिसऱ्या वाचनाला कळतं की दुसरा अंक लिहिलाच गेलेला नाही. मग छापलेली तारीख जिंकते. राज्य नाट्य स्पर्धेने १९५४ पासून महाराष्ट्रातल्या हौशी रंगभूमीला केवढं दिलं हे मी जाणतो, मी त्याच स्पर्धेत वाढलो. पण तिथेही पाहिलंय, प्राथमिक फेरीची तारीख आली की लेखकाचा प्रश्न बाजूला पडतो आणि नेपथ्याचा सुरू होतो.

आग्रही : तारखेशिवाय दुसरा अंक कधीच लिहिला गेला नाही, अशाही संहिता मी कपाटात पाहिल्यात, सर. मुदत नसती तर मराठीतली निम्मी नाटकं झाली नसती. पण तुमचा मुद्दा मी टाळत नाही. चारपैकी एकच नाटक नवं असावं, आणि त्याची तारीख सगळ्यात शेवटी, मार्चमध्ये. बाकी तीन मी तुम्हाला आत्ताच सांगते. पहिलं 'युगयात्रा'. सत्तर वर्षांपूर्वीचं नाटक आज जसंच्या तसं उभं राहील असं मला वाटत नाही, म्हणूनच ते करून बघावं : त्यातलं काय जुनं झालं आणि काय अजून झालेलं नाही, हे मुलांनी शोधावं. दुसरं दत्ता भगत यांचं 'वाटा-पळवाटा'. आंबेडकरी चळवळीतल्या तीन पिढ्या एका घरात समोरासमोर येतात, आणि तिघांपैकी कुणालाही लेखक सहज खोटं पाडत नाही. 'युगयात्रा'च्या पाठोपाठ ते बघताना प्रेक्षकाला कळेल की पन्नासच्या दशकातल्या आशेचं ऐंशीच्या दशकात काय झालं होतं. तिसरं एकनाथांची भारुडं. नाथांचं पैठण इथून दीड तासावर. सोळाव्या शतकात एक ब्राह्मण संत महाराचा जोहार घालतो, जोशी होतो, वासुदेव होतो, भर चौकात वेश बदलून बोलतो. आपल्याकडच्या अभिनयाची एवढी मोठी शाळा दुसरी नाही. निरंजन भाकरे यांनी भारुड अगदी आपल्या काळापर्यंत जिवंत ठेवलं होतं, २०२१ च्या करोनात ते गेले. डॉ. प्रभाकर मांडे यांनी याच विद्यापीठात राहून लोकरंगभूमीचा अभ्यास उभा केला, तेही २०२३ मध्ये गेले. जी माणसं विचारायला हवी होती ती जाताहेत. हे काम विभागाने नाही करायचं तर कुणी?

साशंक : आता मला खरी अडचण सांगू दे. आतापर्यंत मी पैशाचं, तारखांचं बोललो, ते सगळं निभावता येईल. तुझी यादी ऐकताना मला भीती वाटली ती वेगळीच. तिन्ही नाटकं मराठवाड्याची, चळवळीची, मातीची. अंबडच्या मुलाने मराठवाड्याचंच नाटक का करायचं? त्याला चेखॉव्ह का नाही? हॅम्लेट का नाही? आगरकरांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' लिहून हॅम्लेट मराठीत आणला, १८९० मध्ये देवलांच्या 'झुंझारराव'ने ऑथेल्लो आणला, आणि शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये लिअर आपल्याच घरातला म्हातारा झाला. ते सगळं पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या माणसांनी करायचं आणि जालन्या-बीडच्या मुलांनी कायम दुष्काळ, आत्महत्या, जात आणि गावकी करायची? मुंबईची कास्टिंगवाली माणसं त्यांना तेच देतात : गावाकडचा नोकर, गावाकडचा हवालदार, बोलीतली गंमत. विभागानेही 'आपल्या मातीचं' म्हणत त्याच चौकटीत त्यांना उभं केलं तर दोन वर्षांत त्यांनी काय मिळवलं?

आणि त्याहून अवघड प्रश्न. 'वाटा-पळवाटा'त कोण कुणाची भूमिका करणार? वर्गात सगळ्या जातींची मुलं आहेत. दलित मुलाने दलिताचीच भूमिका करायची असं कुणी उघड म्हणणार नाही, पण वाटप तसंच होत जातं. उलट केलं, तर कुणीतरी म्हणेल आमचं दुःख तुम्ही पाठ करून दाखवताय. जाहीर हंगामात हा प्रश्न शहरासमोर येईल. २७ जुलै १९७८ च्या नामांतराच्या ठरावानंतर इथे काय झालं आणि १४ जानेवारी १९९४ पर्यंत माणसांनी काय सोसलं, हे विसरून या विद्यापीठात नाटक करता येत नाही. विद्यापीठाचं नाव ज्या लढ्यातून आलं, त्याच विद्यापीठाच्या रंगमंचावर जातीवरचं नाटक बसवणं हा नुसता विषयनिवडीचा भाग राहत नाही.

(हा संवाद लिहिताना इथे मला थांबावं लागलं. साशंकाचा हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, आणि आग्रहीकडे त्याचं पूर्ण उत्तर आहे असं मी मानत नाही. तिने तो टाळू नये, एवढीच माझी अपेक्षा होती.)

आग्रही : चौकटीचं तुम्ही म्हणालात ते मला लागलं, कारण ते खरं आहे. मी यादी केली तेव्हा शहराचा विचार केला, मुलाचा केला नाही. पण सर, चेखॉव्ह केल्याने तो चौकटीतून सुटतो का? बीड जिल्ह्यातून निघालेले वामन केंद्रे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले, त्याआधी त्यांच्या 'झुलवा'मध्ये जोगतिणींचं जग होतं. चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी यांची 'जिगीषा' याच शहरातली. मुंबईत जाऊन त्यांनी १९९१ मध्ये 'चारचौघी' केलं, त्यात मराठवाड्याची माती शोधून सापडत नाही. दोन्ही वाटा इथूनच निघतात. भारुडाने घडलेला नट हॅम्लेट जास्त चांगला करेल असं मला वाटतं, पण ते मी सिद्ध करू शकत नाही. म्हणून यादी बदलते. भारुडांच्या बरोबरीने एक परदेशी नाटक, आणि त्याचं रूपांतर मुलांनी करायचं, दखनीत हवं तर दखनीत. कवी सिराज औरंगाबादींच्या गावात दखनी फक्त गमतीसाठी रंगमंचावर येते, हे मला नेहमी खुपतं. बेगमपुऱ्यातल्या मुलीला दखनीत शोकांतिका बोलू दे एकदा. तिच्या आजीने ती ऐकावी.

जातीचा प्रश्न शहरासमोर येईल म्हणता. येऊ दे ना. बंद दाराआड केल्याने तो सुटलाय का? भूमिकांचं वाटप तालमीत बदलत राहावं, 'वाटा-पळवाटा'तला आजचा अर्जुन उद्याचा काका, आणि प्रयोगानंतर अर्धा तास प्रेक्षकांशी बोलणं. जे प्रश्न येतील त्यांना मुलांनी उत्तर द्यावं. काही उत्तरं देता येणार नाहीत, तेही लोकांना दिसावं.

साशंक : आणि बोलणं हाणामारीवर आलं तर? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या विद्यापीठात ललित कला केंद्राच्या मुलांचा प्रयोग बंद पाडला गेला. विभागप्रमुखांना आणि विद्यार्थ्यांना अटक झाली. विशीतली मुलं ती. त्यांच्या आईवडिलांना आलेला तो फोन डोळ्यांपुढे आण. तू निवडलेलं एकही नाटक निरुपद्रवी नाही, आणि तसं असावं असंही मी म्हणत नाही. पण मी आणि तू वयाने मोठे, आपण जोखीम घेतो ती स्वतःच्या नावावर. मुलांच्या नावावर जोखीम घेण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आग्रही : पुण्यातला तो प्रयोग विभागाच्या आवारातला, परीक्षेचा होता. आतल्या आत केल्याने ती मुलं वाचली नाहीत. ज्या शहराने वर्षभर आपल्या मुलांची नाटकं पाहिलीत, ज्यांचे शेजारी आणि मावश्या प्रेक्षागृहात बसल्यात, ते शहर एखाद्या नाटकावर चिडलं तरी त्या मुलांना ओळखत असेल. प्रेक्षक हेच संरक्षण, असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण अनोळखी राहणं हे संरक्षण नाही, एवढं नक्की. अधिकाराचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. तो आपल्याला नाही. म्हणून निवड मुलांनी करावी. जूनमध्ये दहा संहितांचं वाचन, सगळ्यांसमोर, आणि शेवटचा शब्द दुसऱ्या वर्षाच्या वर्गाचा. आपण फक्त परिणाम सांगायचे, लपवाछपवी न करता.

साशंक : मग माझी एक अट घाल. एखादं नाटक तयार झालं नाही तर त्याचा प्रयोग करायचा नाही. छापलेल्या तारखेला लोकांना बोलवायचं, तिकिटाचे पैसे परत करायचे आणि उघड्या रंगमंचावर जेवढं झालंय तेवढंच वाचून दाखवायचं, कुठे अडलंय ते सांगायचं. शिकणाऱ्यांची संस्था आहे हे प्रेक्षकालाही शिकू दे. तुझा हंगाम हे सोसणार असेल तर माझा अर्धा विरोध संपतो.

आग्रही : मला ते आवडतंय आणि भीतीही वाटतेय. अवघड नाटक आलं की दरवेळी तीच पळवाट निघेल. 'वाटा-पळवाटा'तला एखादा प्रसंग अंगावर यायला लागला की मुलं म्हणतील, तयार नाही. खरोखर तयार नाही आणि धीर होत नाही, यांतला फरक कोण ओळखणार? आपण ओळखायचा म्हटलं तर निवड पुन्हा आपल्या हातात आली.

साशंक : म्हणजे तू जुलैत काय छापणार?

आग्रही : तीन नाटकांची नावं, आणि मार्चमधली एक तारीख नाव न घालता. ती दुसऱ्या वर्षाच्या मुलांची. त्यांना हवं ते, हवं तेवढं तयार झालेलं.

साशंक : दुसऱ्या वर्षाची मुलं एप्रिलमध्ये निघून जातील. त्या नाटकाची चर्चा, वाद, तक्रारी आणि पुढच्या हंगामाचा प्रेक्षक ज्यांच्या वाट्याला येणार, ती पहिल्या वर्षाची मुलं आज त्याच प्रयोगाचे दिवे टांगणार आहेत. त्यांना विचारलंस का?